आतल्या खोलीपर्यंत

शुक्रवार, दुपारचे साडेतीन. चारला मूल गावाची वीज जाणार होती आणि भारनियमन काही कुणाच्या सुखदुःखासाठी थांबत नाही. तिकडे मस्कतला आयत सुट्टीच्या दिवशी संगणकासमोर येऊन बसली होती. अब्बांना जाऊन महिना झाला. व्हिसाच्या कागदांनी लेकीला मातीलाही येऊ दिलं नव्हतं. "मले घर दाखवा," एवढंच ती फोनवर रोज म्हणायची.

इंटरनेट होतं तिच्या भावाच्या, बिलालच्या दुकानात, गल्लीच्या पलीकडे. तिथलं वायरलेस घरात पोचत नव्हतं, आणि त्यांची आई रहमतबी इद्दतीत. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस तिला उंबरा ओलांडायचा नव्हता. बिलालने दुकानातून वायर ओढली, ती जेमतेम दारापर्यंत पुरली. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर दारात रहमतबी बसेना. मग त्याने अडगळीतला जुना राउटर काढून दाराशी ठेवला आणि वायर त्यात खुपसली. लॅपटॉपवर सिग्नलच्या दांड्या भरभरून उमटल्या. आयत मात्र दिसेना.

बिलाल दुकानात जाई, परत येई, वायर काढी, घाली. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. आणि कळलं तेव्हा त्याला स्वतःचाच राग आला. दुकानातला आणि दारातला, दोन्ही राउटर एकाच पत्त्यावर मालक होऊन बसले होते. एका म्यानात दोन तलवारी, दुसरं काय.

"काऊन रे इतका धावून राह्यला?" रहमतबीने आतून विचारलं. नमाज झाल्यापासून ती तोंड धुऊन, ओढणी नीट करून खाटेच्या कडेला बसली होती.

"या राउटरले सांगा लागते अम्मी, का तू आता मालक नाई. तिकडून येते ते फक्त पुढं देत जा. पिन दे तुही."

तिने ओढणीची पिन काढून दिली. बिलालने ती राउटरच्या मागच्या बारीक भोकात दाबून धरली, जुनं सगळं पुसलं, त्याला वेगळा पत्ता दिला, पत्ते वाटायचं त्याचं काम बंद केलं. वायर बाहेरचं इंटरनेट घ्यायच्या एकट्या भोकातून काढून पुढे वाटायच्या रांगेतल्या चारांपैकी एकात घातली. वीज जायला दहा मिनिटं उरली होती.

लॅपटॉप आत नेला आणि पडद्यावर आयत आली.

रहमतबी हसली. "दुबळी झाली बेटी."

आयत तिच्याकडे बघतच नव्हती. "अम्मी, जराशी बाजूले सर."

तोंडावर उजेड पडत नसेल असं वाटून रहमतबी सरकली. मागे अब्बांची खाट होती. गादी गुंडाळून उभी केलेली, नुसती विणलेली निवार दिसत होती.

महिनाभर फोनवर एकदाही न रडलेली पोर बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"अब्बा गेले, अम्मी," ती म्हणाली.

"हो बेटी," रहमतबी म्हणाली, आणि मायलेकी पहिल्यांदा एका घरात बसून रडल्या.