पाचवा नियम

केशरी जॅकेट खुंटीवरच होतं.

ते पाहिलं आणि भानुदासच्या हातातलं बर्फ काढायचं फावडं दारातच पडलं. "आई!" त्यानं हाक मारली. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती जळत होती. चटई रिकामी होती. मागच्या दारापासून बुटांचे लहान लहान ठसे बर्फातून सरळ रानाकडे गेले होते.

"लता, आईनं काय घातलंय?"

"व्हाइट साडी, वरून माझी व्हाइट शाल," बायको जिन्यातून म्हणाली. "आज सहा डिसेंबर ना. का रे? आई घरात नाहीत?"

उत्तर द्यायला भानुदास थांबलाच नाही. रानात शेजारचा वॉल्टर आणि त्याचा मेहुणा गॅरी उजाडल्यापासून बंदुका घेऊन बसले होते. आणि त्यांना त्यानंच बोलावलं होतं.

स्टेट कॉलेज या गावापासून अर्ध्या तासावरची ही वीस एकर जमीन त्यानं मोठ्या हौसेनं घेतली होती. सफरचंदाची साठ झाडं लावली होती. तीन हिवाळे हरणांनी त्यांच्या साली सोलून खाल्ल्या. जाळी लावून झाली, फांद्यांना साबणाच्या वड्या टांगून झाल्या. हरणं साबण हुंगायची आणि झाड खायची. शेवटी मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करणारा हा माणूस वॉल्टरला म्हणाला, "या, मारा."

पण मारायचं तेही पद्धतशीर. त्यानं पाहुण्यांसाठी नियम टाइप केले आणि फ्रिजवरही चिकटवले. नर सोडायचा आणि मादी मारायची, कारण कळप वाढतो तो माद्यांमुळे. माणशी एकच. पाडसाला हात लावायचा नाही. घराच्या दिशेनं गोळी नाही. पाचवा नियम सगळ्यांत लांबलचक होता. रानात जाणाऱ्यानं केशरी घालायचं, पांढरं तर मुळीच नाही. बिथरलेल्या हरणाची शेपटी पांढरी दिसते आणि शिकारी तीच हेरत असतो. केशरी न घातलेला माणूस दिसला तर बंदुका तिथल्या तिथं रिकाम्या करायच्या, त्या दिवसापुरती शिकार बंद.

आई तेव्हा नुकतीच नागपूरहून आली होती. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती. तिनं चष्मा लावून सगळा कागद वाचला, लाल पेनानं एक चूक सुधारली आणि एवढंच म्हणाली, "सहा डिसेंबरला नको रे. त्या दिवशी तरी आपल्या जागेत रक्त नको."

"सांगतो त्यांना," भानुदास म्हणाला होता.

पण २००३ चा सहा डिसेंबर नेमका शनिवारी आला. रविवारी तिथं शिकारीला बंदी, म्हणून पाहुण्यांना सुट्टीचा दिवस तेवढाच. शिवाय गेल्या वर्षी याच वॉल्टरनं त्याची गाडी खड्ड्यातून ओढून काढली होती. अशा माणसाला येऊ नका म्हणायचं तरी कसं? भानुदास फोन लावायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि ठेवून द्यायचा. "भीड भिकेची बहीण," काल जेवताना आई म्हणाली होती. तो हसला होता आणि त्यानं आणखी एक पोळी मागून घेतली होती.

आता तो गुडघाभर बर्फातून धावत होता. आईचं वय एकाहत्तर. विसरली असेल. जन्मभर या दिवशी पांढरं नेसत आली, हात आपोआप त्याच साडीकडे गेला असेल. एवढ्या थंडीतही नेहमीसारखी फेरी मारायला निघाली असेल. दुनियेसाठी नियम केले आपण, घरातल्या म्हातारीला एकदा बजावलं नाही!

तो ओढ्यापाशी पोचला आणि गोळीचा आवाज झाला. एकच.

भानुदास बर्फात कोसळला. उठला. पुन्हा धावला. इतकी भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. खा, साठच्या साठ झाडं खा, तो मनातल्या मनात हरणांना विनवत होता, पण तिला काही होऊ देऊ नका.

वॉल्टर एका झाडाखाली बसला होता. टोपी हातात, बंदूक बाजूला, काडतुसं बर्फावर सांडलेली.

"मला झाडांत पांढरं हललेलं दिसलं, भानू," तो म्हणाला. "मी ट्रिगर दाबला होता. शेवटच्या क्षणी नळी वर झाली. कशी झाली, देवाशप्पथ मला माहीत नाही." त्यानं समोर बोट केलं.

ओढ्याकाठी आडव्या पडलेल्या खोडावर आई बसली होती. हात जोडलेले. ओठ पुटपुटत होते. गोळीनं तुटलेली एक डहाळी तिच्या केसांत अडकली होती.

भानुदासनं तिचे खांदे चाचपले, दंड चाचपले, तोंडावरून हात फिरवला, आणि मग तिच्या मांडीत डोकं खुपसून तो ढसाढसा रडला. "कशी गं विसरलीस? जॅकेट दारातच टांगलं होतं! तू स्वतः वाचला होतास ना तो कागद?"

"वाचला होता." तिचा आवाज वर्गातला होता. "पाचवा नियम. केशरी न घातलेला माणूस दिसला, की त्या दिवसापुरती शिकार बंद."

ओढ्यापलीकडे गॅरी बंदुकीतून एकेक काडतूस बाहेर काढत होता.

"तुला त्यांना नाही म्हणवेना," आई म्हणाली. केसांतली डहाळी सोडवून तिनं खाली ठेवली. "मग मीच आले."