परसातली चूल

नकाशाला जमिनीखालचं दिसायला लागल्यापासून जुन्या अवशेषांना धक्का लावणारा रस्ता मंजूरच होत नसे. त्यामुळे नकाशानं हौसाबाईच्या परसात दाखवलेल्या एका लाल ठिपक्याला वळसा घालून नवा बायपास थेट तिच्या स्वयंपाकघरातून जाणार होता.

"तिथं काय हाय एवढं?" तिनं विचारलं.

"चूल आहे, मावशी. दोन हजार वर्षांपूर्वीची," मोजणीला आलेली केतकी टॅब दाखवत म्हणाली. "राखेत कुळीथ आहेत. चूल घालणाऱ्या बाईची बोटंसुद्धा मातीत उमटलीत."

"माझी चूलबी मीच घातलीया. माझी बोटं दिसत न्हाईत व्हय तुज्या नकाशाला?"

"शंभर वर्षांच्या आतलं तो धरत नाही."

हौसाबाईनं सवतीकडं बघावं तसं त्या ठिपक्याकडं बघितलं. चाळीस वर्षं ती तिथंच बसून भांडी घासत आली होती, आणि खालची बया तिच्याच घरावर उठली होती.

"नाव काय तिचं?"

"नाव कसं कळणार, मावशी?"

हौसाबाईला सकाळपासून पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. पदर खोचून ती टॅबपाशी सरकली.

"मग माझं लिही. हौसाबाई ज्ञानू खोत. आणि आज कुळीथच रांधलेत, तेबी लिही."