बंद केंद्राचा अहवाल

फाटकाचं कुलूप गंजून गेलं होतं. नगरपालिकेत नुकत्याच रुजू झालेल्या अभियंता शर्वरी टिपणीस भिंतीच्या भगदाडातून आत शिरल्या. कागदोपत्री हे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र रोज अख्ख्या शहराचं पाणी स्वच्छ करत होतं. आत टाक्या ठणठणीत कोरड्या होत्या आणि एका टाकीच्या तळाशी वांगी लागली होती.

वांग्यांमधून उठून रखवालदार भिकोबा लोंढ्यांनी सलाम ठोकला.

“हे बंद कधीपासून आहे, काका?”

“नऊ वर्षं झाली की.”

“मग दर महिन्याला इथून तपासणीला पाण्याची बाटली जाते, ती?”

“ती मीच भरतो, आवारातल्या विहिरीतनं. साहेब म्हणाले, पाणी नितळ पाहिजे. आजवर एकदाबी नापास झालो नाय, मॅडम.”

शर्वरींना हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. त्याच दुपारी त्यांनी अहवाल पाठवला : केंद्र बंद आहे, घाण सरळ नदीत जाते, ताबडतोब कारवाई व्हावी.

आठवड्याभरात कारवाई झालीसुद्धा. केंद्र बंद असल्याने रखवालदाराची गरज उरली नाही, सबब लोंढे यांना कामावरून कमी करण्यात येत आहे, असा आदेश निघाला. नदीबद्दल त्यात अक्षरही नव्हतं.

शर्वरी स्वतः आदेश घेऊन गेल्या. “काका, माझ्यामुळे झालं हे,” त्या कशाबशा म्हणाल्या.

लोंढ्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

“तुमचं काय चुकलं? नऊ वर्षांत इथनं खरा कागद पहिल्यांदाच गेला. कुणाला तरी बाधणारच होता.”