रशिया की फिनलंड?

सोलापुरातले लाकडाच्या वखारीचे मालक गुरुसिद्धप्पा यांची मुलगी नीलव्वा शाळेत शिकवायची, आणि तिला इतक्यात लग्न नको होतं. म्हणून मुलगा बघायला आला, की पोह्यांची बशी ठेवताना ती वडिलांना हळूच म्हणायची, "अप्पा, यांना पाइनच्या ओंडक्यांचं सांगा की."

पाइनचे ओंडके परदेशी जास्त कोण धाडतं, रशिया की फिनलंड, हा अप्पांच्या जिव्हाळ्याचा विषय. चौदा सालच्या लढाईच्या आधीपासून थेट यंदाच्या एकोणीसशे एकतीसपर्यंत ते एकेक साल घेऊन सांगत सुटायचे. आधीची दोन्ही स्थळं चहा अर्धा टाकून पळाली होती.

अक्कलकोटचा चन्नवीर मात्र मांडी ठोकून ऐकत बसला. "लढाईनंतर फिनलंडनं रशियाला जे मागं टाकलं, ते आजतागायत," असं म्हणत अप्पांनी मिशीवरून हात फिरवला, तसा तो म्हणाला, "हितंच चुकताय तुमी. रशिया परत पुढं आलाय."

अप्पांना असं आजवर कुणी अडवलं नव्हतं. दाराआडच्या नीलव्वाला हसू आवरेना. तिनं पहिल्यांदाच एका मुलाकडं नीट पाहिलं, आणि तिची नजर तिथून हलेना.

अप्पा ताडकन उठले. "माज्या घरात बसून मलाच शिकवतोस व्हय? ऊठ! रशियावाल्याला माजी पोरगी द्यायची न्हाय!"

बिचारा चन्नवीर चपला घालू लागला.

 

तेवढ्यात नीलव्वा दाराआडून पुढं आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अप्पा, रशियाच पुढं हाय की!"