वयाची अट

औंढ्याच्या मारुतीभाऊंनी सत्यमच्या मोबाईलमधला तलवारबाजीचा गेम स्वतःच्या हाताने डिलीट केला. "अठराच्या आतल्या पोरांनी खेळायचा न्हाई, असं त्याच्यावरच लिवलंय. असल्यानं डोकं फिरतं पोरांचं," हे त्यांनी शाळेच्या पालकसभेतही ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

त्याच संध्याकाळी सत्यमचा दहावा वाढदिवस होता. चौकात फ्लेक्स लागला, डीजे आला, जीपच्या बॉनेटवर केक मांडला. भाऊंनी मोठ्या कौतुकाने लेकाच्या हातात लखलखती तलवार दिली. "हं, काप!"

सत्यमने ती उलटसुलट करून पाहिली. "पप्पा, हिच्यावर वय न्हाई लिवलं?"



"येड्या, वय गेमला असतंय. ही खरी हाय!"