थेंबांची वेळ

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूचे थेंब लिहून देण्याआधी विचारलं होतं, "हृदयाचा काही त्रास? या थेंबांनी ठोके मंदावतात." दोन वर्षं हृदयाच्या गोळ्या खाणाऱ्या शिंप्याला धास्ती एकच, नजर गेली तर सुईत दोरा कोण ओवणार? त्याने छाती ठोकून सांगितलं, "छे हो! ठणठणीत आहे."

तीन आठवड्यांनी कापड बेततानाच तो कोसळला. "ठोके इतके मंद कशाने होतायत?" हॉस्पिटलात हृदयाचे डॉक्टर चक्रावले. "घरी कुठली औषधं चालू आहेत?" लेकीने गोळ्यांची पाकिटं एकेक करून पुढे मांडली. डोळ्यांत घालायचं ते कसलं आलंय औषध, म्हणून ती छोटी बाटली पर्समध्येच राहिली.

डॉक्टर गेले, तेव्हा कुठे शिंप्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑक्सिजनच्या मास्कमुळे बोलता येईना. सगळं बळ एकवटून त्याने बोट आधी पर्सकडे, मग डोळ्याकडे नेलं.

लेकीला भरून आलं.



"आहे हो माझ्या लक्षात, बाबा," बाटलीचं झाकण उघडत ती म्हणाली. "इथे आणल्यापासून एकही वेळ चुकवली नाही मी."