नुसती फळी

अंकिताने बटण बराच वेळ दाबून धरलं आणि सोडलं. लॅपटॉप ढिम्म.

चार्जरवरचा हिरवा दिवा लागत होता, म्हणजे वीज येत होती. तिने सॉकेट बदललं, वायर हलवून पाहिली, बॅटरी काढून पुसून परत बसवली. पडदा काळा तो काळाच. मग लक्षात आलं की चार्जरची पिन आत पुरती जातच नाहीये. कालपर्यंत जात होती.

दसऱ्याचा दिवस. दाराला झेंडूचं तोरण, स्वयंपाकघरात पुरण शिजतंय, आणि दुपारी तीनला मुलाखत. परदेशातल्या कंपनीला कसला दसरा! काम घरी बसून हिशेब तपासायचं होतं. दोन वर्षं अर्ज पाठवून पाठवून बोटं झिजली, तेव्हा कुठे ही एक हाक आली होती. आधी लॅपटॉपवर परीक्षा, मग बोलणं. मोबाइल चालणार नाही, असं त्यांनी बजावलेलं. आजची वेळ चुकली तर विषय संपला.

दारात गोजरबाई येऊन उभ्या राहिल्या. तिच्या सासूबाई.

"कितीला हाय तुजं ते?"

"तीनला."

"आन् हे चालू व्हईना व्हय?"

अंकिताने मान वर केली. "आत्या, काल आम्ही देवीला गेलो तेव्हा तुम्ही ह्याला हात लावला होता?"

गोजरबाईंनी पदराला हात पुसले. "पाडलं न्हाय मी," एवढंच म्हणाल्या आणि पुरणाकडे वळल्या.

पाडलं का, असं कुणी विचारलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

काल खंडेनवमी होती. गोजरबाई मूळच्या जेऊरच्या. शेत सुटलं, सोलापुरात येऊन वर्षं झाली, पण औजारांची पूजा काही सुटली नव्हती. विळा, खुरपं, शिलाई मशीन, अंगणातली नवऱ्याची, शिवराजची मोटरसायकल, इतकंच काय, मिक्सरसुद्धा हळदकुंकू आणि अक्षता लावून घेत होता. अंकिताने बिचकत बिचकत आपला लॅपटॉप आणून पाटाच्या कडेला ठेवला.

गोजरबाईंनी तो हाताने बाजूला सारला. "हे काय औजार हाय व्हय? नुसती फळी. औजार म्हंजे ज्यानं घाम येतो ते."

शेजारच्या बनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. अंकिता लॅपटॉप उराशी धरून आत निघून गेली. तिला ते फार लागलं. मिक्सरला मान होता आणि तिच्या कामाला नव्हता.

संध्याकाळी ती आणि शिवराज रूपाभवानीच्या दर्शनाला गेले. गोजरबाई गुडघ्यांचं कारण सांगून घरीच थांबल्या. परत आल्यावर लॅपटॉपच्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती. तेव्हा अंकिताने मनावर घेतलं नव्हतं. आता सगळा हिशेब जुळला, आणि तो जुळवायला तिला लॅपटॉप लागला नाही.

तिने बॅग उचलली, रिक्षा केली आणि नवी पेठ गाठली. बहुतेक दुकानदार पूजा उरकून शटर ओढून घरी गेले होते. एका बोळात हारूनभाईंचं दुरुस्तीचं दुकान तेवढं उघडं होतं. तीनच्या आत काहीही करून चालू करून द्या, म्हणून तिने त्यांना विनवलं. सासूने आपटलाय, हेही सांगून टाकलं. हारूनभाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि लॅपटॉप दिव्याखाली आडवा धरला.

अंकिता पायरीवर आली आणि तिने शिवराजला फोन लावला.

जुळे सोलापूर भागात वेगळा फ्लॅट ती वर्षभर मागत होती. आई एकटी पडेल, म्हणून तो टाळत होता. दर वेळी ती रडायची आणि दर वेळी विषय तिथेच राहायचा. आज ती रडली नाही.

"माझं काम जिथं मोडून ठेवतात, तिथं मी राहणार नाही. तुम्ही यायचं तर या, नाहीतर मी माहेरी चालले."

पलीकडे शिवराजने खाकरल्यासारखं केलं.

"बरं," तो म्हणाला. "फ्लॅट घेऊ. मी घरीच आहे, आत्ताच सांगतो आईला."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. खोटं कशाला बोला, जिंकल्यासारखंही वाटलं.

ती आत आली तेव्हा हारूनभाई चिमटा खाली ठेवत होते. त्यांनी पिन लावली. ती टक्कन आत बसली. कडेचा दिवा लागला, पडदा उजळला. तीन वाजायला अजून अवकाश होता. अंकिताने भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. शिवराजचा निरोप होता. 'सांगितलं. यंत्र सुरू झालं का, एवढंच विचारत होती.'

तिने तो वाचून मोबाइल पर्समध्ये टाकला.

"आपटलाच होता ना हारूनभाई? पिन वाकली असेल."

"न्हाय मॅडम, आपटला असता तर कोपरा फुटला असता. आत अडकलं हुतं काहीतरी, म्हणून पिन बसत न्हवती."

त्यांनी टेबलावरचा कागदाचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. त्यावर तांदळाचे दोन दाणे होते, कुंकवाने लाल झालेले.